जपानी स्वयंपाकघर म्हणजे मिनिमलिझम? आमच्या ओकाझाकीत या

भारतात यायचं ठरलं की मी घरच्या ग्रुपवर विचारते, काय आणू? उत्तरं ठरलेली असतात. माचा, चॉपस्टिक्स आणि "काहीतरी साधंसं, जपानी टाइप, मिनिमलिस्ट". या तिसऱ्या मागणीपुढे मी हात टेकलेत. पांढरी रिकामी खोली, त्यात मातीची एकच वाटी, तिच्यावर खिडकीतून आलेली तिरीप, हे जपान इन्स्टाग्रामवर असतं. आमच्या शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसते. ओट्याखाली तीन मापांचे दोनाबे, म्हणजे मातीची झाकणाची भांडी. फळीवर सुरिबाची, म्हणजे घोटायचं मातीचं कुंडं. खिळ्यांना गाळण्या. दाराआड लोणच्याच्या कोंड्याचा डबा. आणि भिंतींत मुरलेला मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्याचा वास. मला ते स्वयंपाकघर फार आवडतं, कारण तिथली एकही वस्तू शोभेची नाही आणि प्रत्येकीचा इथल्या जेवणाशी रोखठोक संबंध आहे.

मी राहते आइची प्रांतातल्या ओकाझाकीला. नागोयाहून मेइतेत्सू रेल्वेची जलद गाडी पकडली की अर्ध्या तासाच्या आसपास. उत्तरेला टोयोटा शहर आहे, त्यामुळे हा सगळा पट्टाच गाड्या आणि गाड्यांच्या सुट्या भागांचा. चिंचवडहून इकडे आलेली आमच्यासारखी बरीच घरं इथे आहेत. नवरा डिझाइनमध्ये, मी क्वालिटीत. गावात जपानचा प्रसिद्ध शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, तोकुगावा इएयासु जन्मला तो किल्ला आहे. आताची इमारत १९५९ साली काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलेली, त्यामुळे माहेरी रायगड-प्रतापगड पाहिलेल्या माणसाला तिथे फार काही होत नाही. पाहुण्यांना मी किल्ला बाहेरूनच दाखवते आणि तिथून पश्चिमेला चालत मिसोच्या कोठारांकडे नेते.

तोकाइदो या जुन्या हमरस्त्याच्या दोन बाजूंना, समोरासमोर, हात्चो मिसोचे दोन कारखाने आहेत. मारुया १३३७ सालचा, काकुक्यू १६४५ चा. दोघंही एकच वस्तू बनवतात, जवळपास एकाच पद्धतीने, आणि शतकानुशतकं एकमेकांच्या दारासमोर उभे आहेत. दोन्हीकडे आत हिंडून बघता येतं. कोठारात शिरलं की आधी वास येतो, काकवीच्या जवळ जाणारा, पण खारट. मग अंधाराला डोळे सरावले की पिंपं दिसतात. देवदाराच्या जातीच्या सुगी लाकडाची, बांबूच्या विणलेल्या कड्यांनी आवळलेली, माणसाहून उंच. एकेका पिंपात सहा टनांच्या आसपास मिसो आणि त्यावर साधारण तीन टन दगड.

हे दगड मला पहिल्यापासून मोहात पाडतात. नदीतले गोटे आहेत, वेगवेगळ्या आकारांचे. ते हाताने एकावर एक रचून वर निमुळता ढीग करतात. मध्ये सिमेंट नाही, जाळी नाही, दोरी नाही. भूकंपातही ते ढासळत नाहीत असं तिथली माणसं अभिमानाने सांगतात. ही रचाई नीट जमायला वर्षं जातात. आमच्या कंपनीत कोणी "तीन टनांचा भार, आकार अनियमित, समतोल नजरेने" असं लिहून दिलं तर मी ते ड्रॉइंग तिथल्या तिथे परत पाठवीन. पण वजन हवंच, कारण या मिसोत पाणी अगदी कमी असतं. वरून सारखा दाब असेल तरच ती थोडीशी ओल सगळीकडे पोचते.

इतर जपानात मिसो म्हणजे बहुतेक ठिकाणी सोयाबीन आणि तांदूळ. तांदळावर कोजी नावाची बुरशी वाढवतात, ती शिजलेल्या सोयाबीनमध्ये मिसळतात, आणि काही महिन्यांत मिसो तयार. इथे तांदूळ नाही. वाफवलेल्या सोयाबीनचे मुठीएवढे गोळे करतात आणि बुरशी थेट त्या गोळ्यांवर वाढवतात. मग मीठ आणि थोडं पाणी घालून पिंपात भरायचं आणि दोन उन्हाळे, दोन हिवाळे वाट बघायची. गरम करणं नाही, थंड करणं नाही. मिकावाचा, म्हणजे आमच्या या भागाचा उन्हाळा आमच्या कोकणासारखा चिकट असतो, भिंतीला पाठ टेकवावीशी वाटत नाही. अशा हवेत टिकेल असं काहीतरी हवं होतं. यातून जे निघतं ते जवळजवळ काळं, घट्ट, किंचित आंबट आणि किंचित कडसर. पहिल्यांदा चाखणाऱ्याला ते आवडेलच असं मी कधीच म्हणत नाही.

जाता जाता एक भांडण सांगते, कारण रत्नागिरीच्या माणसाला ते लगेच कळेल. २०१७ साली जपानच्या कृषी मंत्रालयाने हात्चो मिसोला भौगोलिक मानांकन दिलं. दिलं ते आइची प्रांतातल्या मिसो उत्पादकांच्या संघटनेला, आणि तिच्या नियमांत लाकडी पिंपाची, दगडांची, दोन वर्षं मुरवण्याची सक्ती नाही. मूळ दोन कारखाने त्या संघटनेबाहेर राहिले. म्हणजे ज्यांच्या गल्लीच्या नावावर मिसो ओळखलं जातं तेच यादीबाहेर. मारुयाने कोर्टकचेरी केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२४ साली ते हरले. हापूस म्हणावं कोणत्या तालुक्यातल्या आंब्याला, यावर आमच्याकडे किती वाद झाले ते आठवा. २०१८ साली हापूसचं मानांकन झालं ते सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंत पाच जिल्ह्यांना, तेव्हाही देवगडवाले काय बोलले असतील ते मी इथे लिहायला नको. माझं मत विचाराल तर दोन वर्षं दगडाखाली ठेवणाऱ्याला आणि टाकीत गरम करून काही महिन्यांत काढणाऱ्याला एकच शिक्का मारणं बरोबर नाही. पण आजींना या वादात काडीचा रस नाही. त्यांच्या फ्रिजच्या दारात नाकामो कंपनीची गोड मिसो सॉसची प्लास्टिकची बाटली असते, कात्सुवर, म्हणजे तळलेल्या कटलेटवर पिळायला. इथल्या बहुतेक फ्रिजमध्ये असते. आमच्याही.

आता भांड्यांकडे येते. जपानी स्वयंपाकाचं कुठलंही पुस्तक उघडा, मिसो सूपबद्दल एक नियम सापडेल: गॅस बंद करा, मगच मिसो विरघळवा, नंतर उकळू नका, सुगंध जातो. ओकाझाकीत हा नियम कोणी पाळत नाही. काळं मिसो उकळलं तरी बिघडत नाही, उलट अंगात उतरतं. म्हणून या भागात सगळं मिसोत रटरटत असतं: मुळा, कोन्न्याकू (कंदाची जेलीसारखी वडी), अंडी, टोफू, गायीचे स्नायू, उदोन (गव्हाच्या जाड नूडल्स). हिवाळ्यात कॉनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या सुपरमार्केटात, ओदेन (रश्शात शिजवलेला मुळा, अंडी वगैरे) घेतलं तरी सोबत मिसोची पुडी मिळते. आणि इतका वेळ रटरटवायचं तर भांडं तसं हवं. म्हणून दोनाबे.

मिसो निकोमी उदोन, म्हणजे मिसोत शिजवलेलं उदोन, त्या दोनाबेतच समोर येतं, अजून उकळत असताना. त्याच्या झाकणाला वाफेचं भोक नसतं, कारण झाकण उलटं करून ताटली म्हणून वापरायचं, नूडल्स त्यात काढून गार करत खायच्या. ही युक्ती मला फार पटते. एक वस्तू कमी घासावी लागते. माझा धाकटा भाऊ कामासाठी नागोयाला आला होता तेव्हा त्याला मी तिथे नेलं. पहिला घास घेतल्यावर तो माझ्याकडे झुकून म्हणाला, "ताई, कच्चं राहिलंय गं. सांगू का त्यांना?" कच्चं नसतं. या नूडल्सच्या पिठात मीठ घालत नाहीत, नुसतं पाणी. मीठ नसल्याने त्या थेट रश्शात शिजवता येतात, पण दाताखाली चिवट आणि मधोमध पिठूळ लागतात. नागोयाकरांना तेच हवं असतं. भावाने ते संपवलं, पण रात्री खोलीवर जाऊन मॅगी केली हे मला नंतर वहिनीकडून कळलं.

दोनाबे येतात उपसागराच्या पलीकडून, मिए प्रांतातल्या योक्काइचीहून. जपानात बनणाऱ्या दर पाच दोनाबेंपैकी साधारण चार तिथले, बांको भांडी म्हणतात त्यांना. गॅसच्या ज्योतीवर थेट ठेवूनही ते तडकत नाहीत याचं कारण मातीत मिसळलेलं पेटालाइट. हे लिथियमचं खनिज, तापल्यावर फारसं प्रसरण पावत नाही. मातीत ते जवळजवळ निम्म्यापर्यंत घालतात. मोठा वाटा यायचा झिंबाब्वेतल्या एका खाणीतून. पुढची गंमत आमच्या धंद्याची आहे. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांमुळे जगभर लिथियमच्या खाणींवर उड्या पडल्या. २०२२ मध्ये झिंबाब्वेतली ती खाण एका चिनी कंपनीने घेतली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिथल्या सरकारने कच्च्या लिथियम खनिजाची निर्यात बंद केली. योक्काइचीच्या कुंभारांची झोप उडाली. तेव्हापासून कमी पेटालाइटच्या आणि पेटालाइट नसलेल्या मातीचे प्रयोग चालू आहेत. ऑफिसात बॅटरीचं प्रेझेंटेशन ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आजींच्या ओट्याखालची तीन भांडी येतात, आणि हे शेजारी बसलेल्या कोणाला सांगता येत नाही.

नवा दोनाबे आणला की आधी त्यात तांदळाची पेज शिजवतात. पिठूळ पाणी मातीच्या बारीक छिद्रांत बसतं आणि भांडं गळत नाही. आजींनी मला हे शिकवताना फार मोठं गुपित सांगितल्यासारखा चेहरा केला होता. दुसरी अट, बूड ओलं असताना गॅसवर ठेवायचं नाही. आणि ज्यांच्याकडे इंडक्शन आहे त्यांनी साधा दोनाबे विकत घेऊच नये. खाली खास थर दिलेले मिळतात, ते बघून घ्यावे.

सुरिबाचीबद्दल थोडं. आतून झिलई नसलेलं मातीचं कुंडं, आत कंगव्याने ओढलेल्या दाट रेघा, आणि घोटायला सुरिकोगी नावाचा लाकडी दांडा. हा दांडा सान्शोच्या लाकडाचा असेल तर उत्तम. सान्शो म्हणजे आपल्या तिरफळाचं जपानी भावंड, एकाच वंशातलं झाड. पहिल्यांदा तो खडबडीत दांडा नाकाशी धरला तेव्हा मला माहेरच्या बांगड्याच्या तिरफळ घातलेल्या कढीची आठवण येईल असं वाटलं होतं, पण वाळलेल्या लाकडाला तसा काही वास नसतो. यात ठोकायचं नाही. एका तळव्याने दांड्याचं टोक वरून धरून ठेवायचं, दुसऱ्या हाताने खालून गोल फिरवायचं. खाली ओलं फडकं, नाहीतर कुंडं ओटाभर फिरतं. पूर्वी टणक मिसो रोज सकाळी यातच घोटायचे. आता त्यात मुख्यतः तीळ. भाजलेले तीळ अर्धवट घोटून त्यातच उकडलेला, पिळलेला पालक घालायचा, थोडा सोया सॉस, चिमूट साखर, आणि तेच भांडं जेवणाच्या टेबलावर. मिक्सरमध्ये तिळाचा लगदा होतो, तेल सुटतं. इथे काही तीळ पिठूळ, काही अर्धे, काही अख्खे राहतात, आणि सगळी चव त्या गोंधळात आहे.

क्यूसुसाठी, म्हणजे चहाच्या किटलीसाठी, मी लोकांना तोकोनामेला धाडते. नागोयाचा विमानतळ २००५ साली तोकोनामेच्याच समुद्रात भराव घालून बांधला आहे, त्यामुळे परतीच्या दिवशी दोन तास हाताशी असले तरी जमतं. जपानच्या सहा जुन्या भट्ट्यांच्या गावांपैकी हे एक. लाल, लोहयुक्त मातीचे बिनझिलईचे चहापात्र ही त्याची कीर्ती, पण गाव जगलं ते सांडपाण्याच्या पाइपांवर. तिथे एक चढ आहे ज्याच्या एका भिंतीत हे जुने पाइप आणि दुसरीत शोचू नावाच्या दारूच्या बरण्या रचल्या आहेत. आयनॅक्स या कंपनीचे कमोडही मूळ याच गावचे. क्यूसु आणि कमोड एका मातीतले, हे पाहुण्यांना मी चहा पिऊन झाल्यावर सांगते.

क्यूसु घेताना मी क्वालिटीवाली होते. चांगल्या क्यूसुचं झाकण आणि तोंड भाजून झाल्यावर मधे बारीक अपघर्षक पूड घालून एकमेकांवर फिरवून घासतात. टूलरूममध्ये काम केलेला कोणीही ओळखेल, हे लॅपिंग आहे. त्यामुळे ते झाकण त्याच भांड्याला बसतं, दुसऱ्याला नाही. पाणी भरून ओतायला घ्या आणि झाकणावरच्या भोकावर बोट दाबा. धार थांबली तर घासणाऱ्याने काम नीट केलंय. दुकानदार ही परीक्षा करू देतात, विचारलं तर स्वतःच करून दाखवतात. दांडा बाजूला काटकोनात असतो, एका हाताने ओतताना अंगठा आपोआप झाकणावर येतो. डावखुऱ्यांसाठी उलट्या बाजूचा मिळतो. माझा मुलगा डावरा आहे, त्याच्यासाठी मी तो शोधून आणला. तो त्यात बोर्नव्हिटा करतो का, हे कृपया विचारू नका. (करतो.)

भांडी घासायला आजींकडे तावाशी, म्हणजे काथ्याची घासणी असते. तपकिरी, हातात मावणारी, तारेच्या आट्यात काथ्या पकडून वळवलेली. कामेनोको या कंपनीची तावाशी १९०७ सालची, न खपलेल्या पायपुसण्यांच्या मालातून सुचलेली, आणि आज तिचा काथ्या येतो श्रीलंकेहून. चारशे येनच्या आसपास पडते. माझी आई अजूनही नारळाच्या सोडणाचा काथ्या आणि राखेने काळी कढई घासते, तिला मी एक तावाशी नेऊन दिली. तिने उलटून-पालटून पाहिली, किंमत विचारली, रुपयांत सांगितल्यावर ती देवघरातली तांब्याची भांडी घासायला म्हणून वर ठेवून दिली. म्हणजे वापरात नाही.

शाकाहारी मंडळींसाठी कामाची गोष्ट: हात्चो मिसोत सोयाबीन, मीठ, पाणी एवढंच असतं, पण बाहेर मिळणाऱ्या जवळपास प्रत्येक सूपमध्ये आणि रश्शात मासळीचा अर्क असतो. दुकानात 'आकादाशी' म्हणून मिळणाऱ्या तयार मिश्रणातही असतो, पाकिटामागची यादी वाचावी. सासूबाई आल्या की मी रात्री कोंबू या समुद्री शेवाळाची पट्टी आणि दोन सुकी शिताके अळंबी पाण्यात भिजत घालते आणि सकाळी त्या पाण्यात सूप करते. आजींना हे समजावून सांगताना काहीच त्रास पडला नाही. बौद्ध मठांतलं जेवण असंच असतं, त्यांच्या घरी वर्षश्राद्धाला तसंच करायचे. सासूबाई मठाचं जेवण म्हटल्यावर खूश झाल्या आणि दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगं, चव चांगली आहे, पण फोडणी राहिली का?"

आजींच्या दाराआडचा डबा म्हणजे नुकादोको, तांदळाच्या कोंड्यात मीठ-पाणी घालून आंबवलेला लगदा. त्यात काकडी, गाजर, वांगं पुरायचं, दुसऱ्या दिवशी काढून धुऊन खायचं. रोज हाताने खालवर करावं लागतं, नाहीतर वास मारतो. कोंडा फुकट मिळतो. गावाबाहेर रस्त्याकडेला नाणी टाकून तांदूळ सडायच्या खोल्या असतात, तिथे मागच्या बाजूला साठलेला कोंडा कोणीही न्यावा. मी त्यात भेंडी पुरली तर आजींनी जरा भुवया उंचावल्या, मग खाल्ली, मग स्वतःच लावली.

तर, काय आणू या प्रश्नाला आता मीच उत्तर देते: अर्धा किलो काळं मिसो. ते वांग्यावर लावा. दोन चमचे मिसो, दोन चमचे साखर, दोन चमचे मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू), थोडं पाणी, मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळायचं. मिरिन नसेल तर गूळ घाला, मी घातलाय. त्यात दाण्याचं भरड कूट किंवा घोटलेले तीळ. वांग्याच्या जाड चकत्या तेलात परतायच्या, वर हे थापायचं, पुन्हा मिनिटभर तव्यावर. मिसो फ्रिजमध्ये ठेवलं की महिनोन्‌महिने टिकतं, रंग अजून काळा होतो, घाबरू नये. विमानात ते चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत पेस्ट म्हणून अडवतात. वांगी मात्र तिकडचीच घ्या, कृष्णाकाठची मिळाली तर फारच छान. इथली लांबट वांगी या पदार्थाला ठीक आहेत, पण भरल्या वांग्याला अगदी कुचकामी, आणि त्यावर मला एकदा सविस्तर लिहायचंच आहे.